सिमेंटच्या गावात विहीणबाई

विहीणबाईंनी सिमेंटच्या बैलाच्या मानेवर हात टाकला आणि त्या बैलाला घासत खाली बसल्या. मला वाटलं, पाय दुखले असतील. मग मी त्यांचं मनगट धरलं. मे महिन्याची दुपार, डोक्यावर पत्रा नाही की झाड नाही, आणि ते मनगट माठाच्या बुडासारखं गार. साडी घामानं पाठीला चिकटली होती.

"इहीणबाई, काय होऊन राहिलंय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कानडीत काहीतरी म्हणाल्या. त्यांच्या माहेरी घरात कानडी बोलतात, पण माझ्याशी त्या कधी कानडी बोलल्या नव्हत्या. त्या मला दुसरंच कुणी समजत होत्या. हात थरथरत होते आणि डोळे उघडे असून कुठंच लागत नव्हते.

माझ्या नवऱ्याला साखरेचा आजार होता. साखर वाढली की माणूस हळूहळू मरतं आणि उतरली की चटकन मरतं, एवढं मला त्याच्यामुळं ठाऊक आहे. मी कमरेची चंची सोडली. तंबाखू, चुना आणि खोकल्यासाठी ठेवलेली खडीसाखर. खडा आवळ्याएवढा होता. तसाच त्यांच्या तोंडात घातला असता तर साखर विरघळायच्या आधी तो घशात बसला असता. फोडायला हवा होता.

समोर झोपडीच्या दारात पाटा होता, वरवंटा होता. मी वरवंट्याला हात घातला तर तो पाट्याला चिकटवलेला. शेजारी उखळ, त्यातलं मुसळही चिकटवलेलं. सगळं सिमेंटचं. त्या अख्ख्या गावात जागचा हलेल असा एक दगड नव्हता. खडा जमिनीवर आपटला तर फरशीवरून घरंगळत गेला, तेवढाच.

मी खडा त्यांच्या ओठाला लावून बघितला. "बेडा," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. बेडा म्हणजे नको. उदगीरच्या बाजूला एवढी कानडी सगळ्यांनाच येते. "बेडा, बेडा." मग तेही म्हणेनाशा झाल्या.

आम्ही तिथं कशा पोचलो ते सांगते.

माझी लेक आणि जावई लातूरला सरकारी नोकरीत आहेत. दोघांनी आपल्या मनानं लग्न केलं. आम्ही बौद्ध, ते लिंगायत. उदगीरला त्यांचं किराण्याचं दुकान. लग्नाच्या वेळी दोन्हीकडं आदळआपट झाली. ती संपली तशी सगळे नीट वागायला लागले. विहीणबाई माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नाहीत. पण माझ्या घरी आल्या की खात नसत. "झालं माझं," म्हणायच्या. मी एकदोनदा आग्रह केला, मग सोडून दिला. ज्याला खायचं नाही त्याच्या मागं ताट घेऊन फिरायची मला सवय नाही.

नात पाचवीत गेली. सुट्टीत तिला पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या बागेत जायचं होतं. नांदेडच्या अलीकडं तशी एक बाग आहे. मोठा पाळणा, उलटीसुलटी फिरणारी गाडी, लाटांचा हौद, असं सगळं. दोन्ही आज्या बरोबर पाहिजेत असा तिचा हट्ट. म्हणून विहीणबाई आदल्या दिवशी उदगीरहून लातूरला लेकाकडं मुक्कामाला आल्या आणि मी सकाळी चाकूरच्या फाट्यावर गाडीत बसायचं ठरलं.

लातूरच्या नळाला पाणी कधी येईल ते लातूरच्या माणसालाही सांगता येत नाही. त्या दिवशी लेकीच्या बिल्डिंगची टाकी आटली होती. घरात प्यायच्या पाण्याची एक कळशी. जावई म्हणाले, "आंघोळीचं काय घेऊन बसलात? जायचंय कुठं आपल्याला? तिथं पाणीच पाणी आहे." अन् लातूरची ही माणसं, न्हाऊन-धुऊन पाण्याच्या बागेत जायचं तर पारोशी निघाली. गाडीत बसल्या बसल्या नात मला ओरडून सांगत होती, "चाकूरच्या आजी, आमच्यात कुणीच आंघोळ केली नाही!"

विहीणबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांच्या कपाळावर विभूतीचे पट्टे नव्हते. ते मी बघितलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

अर्थ असा होता. त्यांच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं. आंघोळ करायची, ते लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि मगच तोंडात काही घालायचं. लग्न होऊन आल्यापासून हा नेम. बाळंतपणात आणि आजारपणात मठाच्या स्वामींनी सूट दिली होती, ती त्यांनी घेतली नव्हती. पण साखरेची सुई त्यांनी सकाळी घरीच टोचून घेतली. बागेत पोचलं की लगेच आंघोळ, पूजा आणि खाणं, असा त्यांचा हिशेब. सुई घेतल्यावर जेवायला उशीर चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. उशीर होईल हे माहीत नव्हतं.

हे मला नंतर कळलं. पण आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं नुसती दोन म्हाताऱ्यांची मौज वाटेल.

गाडीत मी धपाट्यांचा डबा उघडला. ज्वारीची, तीळ लावलेली, दह्यात मळलेली. पहाटे उठून केली होती. सगळ्यांनी खाल्ली. विहीणबाईंपुढं डबा धरला.

"झालं माझं," त्या म्हणाल्या.

मला जे वाटायचं ते वाटलं. मी डबा झाकला.

बागेच्या दारात पिशव्या तपासत होते. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हणून उरलेली धपाटी ठेवून घेतली. कमरेची चंची कुणी तपासली नाही. माझ्या कमरेला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आत गेल्यावर लेक, जावई आणि नात पाण्याकडं पळालेच. लेक पळता पळता म्हणाली, "आई, आत्या, तुम्ही सामान घेऊन सावलीत बसा. आम्ही येतोच."

विहीणबाई पाण्याच्या फाटकापाशी गेल्या. तिथं एक माणूस शिट्टी घेऊन उभा होता.

"आंघोळीची मोरी कुठं हाय हो?"

"आत हाय आजी. पण साडीवर सोडत न्हाईत. नायलॉनचे कपडे लागतात. तिकडं भाड्यानं मिळून राहिलेत."

विहीणबाईंनी तिकडं बघितलं. काउंटरवर तुमानी लटकत होत्या, निळ्या आणि केशरी, ओल्या. आदल्या बाईनं काढून दिलेल्या.

मी मागून म्हणाले, "इहीणबाई, या वयात घसरगुंडी?"

"तसं न्हवं," त्या म्हणाल्या. एवढंच. पुढचं बोलल्या असत्या तर हे लिहायची वेळ आली नसती. पण त्यांचे लेक-सून पाण्यात गेलेले, नात वरच्या घसरगुंडीवर उभी राहून हात हलवतेय, तिला खाली कसं बोलवायचं? आणि मला सांगून मी काय करणार होते? असं त्यांना वाटलं असावं. बायकांना असं वाटतंच.

सावलीत बसायची जागा म्हणजे भोंग्याखालचं बाकडं. भोंग्यातून गाणी एवढ्या जोरात की बाकड्याच्या पट्ट्या थरथरत होत्या. थोडा वेळ बसलो. मग विहीणबाईच उठल्या. "चला. बसून ऊनच लागणार हाय, तर फिरून लागू दे."

सामान पाठीला मारून आम्ही निघालो. माणसं ज्या बाजूला जात होती त्याच्या उलट्या बाजूला. तिकडं एक आरशांची खोली होती. दारात कुणीच नव्हतं. तिकिटात सगळं धरलेलं असतं म्हणे, पण पाण्यातून उठून तिकडं कोण जातंय? आत पंखा नव्हता, धुळीचा वास होता, आणि वाकडेतिकडे आरसे. एका आरशात मी बटाट्यासारखी दिसले. विहीणबाईंच्या आरशात त्या पार उंच आणि बारीक झाल्या होत्या. त्या तिथून हलेचनात.

"काय बघून राहिलात?"

"लग्नात म्या अशीच होते," त्या म्हणाल्या. "सासूनं बघितलं न् म्हणली, हिला दारामागं उभी करू नका, झाडू समजून कुणीबी उचलंल."

"मग?"

"मग काय. उचललंच की. जल्मभर झाडलं त्यांचं घर."

मी हसले. त्याही हसल्या. आरशातली बारीक बाईही हसली, तिचं तोंड कानापर्यंत गेलं, त्यावर आम्ही परत हसलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एका खोलीत, दुसरं कुणी नसताना, पहिल्यांदाच उभ्या होतो.

पुढं लहान आगगाडी. लहान मुलांची, पत्र्याची, इंजिनाला डोळे आणि मिश्या काढलेल्या. चालवणारा पन्नाशीचा माणूस इंजिनात डोकं टेकवून झोपला होता. आम्ही डब्यात बसलो तसा जागा झाला. म्हणाला, "दोघींसाठी न्हाई सोडता येत. आणखी पाशिंजर येऊ द्या."

"येऊ द्या," मी म्हणाले. "आम्हाला कुठं घाई हाय."

कुणी आलं नाही. शेवटी त्यानं कंटाळून गाडी सोडली. माणूस भरभर चालला तर पुढं जाईल इतकी ती हळू. रूळ बागेच्या मागच्या बाजूनं जातात. ज्या गोष्टी समोरून चकाकतात त्यांच्या पाठी तिकडून दिसतात. समोर सोंड हलवणारा हत्ती आहे, मागून त्याच्या पोटात सायकलची चेन आणि गंजलेली मोटार. डोंगर आहे, मागून तो बांबू आणि तरट. एका तारेवर ते भाड्याचे कपडे वाळत घातलेले. भटारखान्याच्या मागं दोन बाया कांदा चिरत बसल्या होत्या, त्यांनी आम्हाला हात केला. पंपाच्या खोलीतून गार वारा आला. आगगाडीत बसून मला एवढं बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

"मागल्या दारानं बघावं घर," विहीणबाई म्हणाल्या. "म्हंजी कळतं कसं चाललंय."

त्यांचा आवाज तेव्हा थोडा जड होता. मला वाटलं, उन्हानं.

गाडी ज्या ठिकाणी थांबली तिथं ते सिमेंटचं गाव. पाटी होती, "आपलं गाव". शहरातल्या पोरांना खेडं दाखवायला केलेलं. कुंभार, लोहार, वाणी, देऊळ, विहीर, बैलगाडी, सगळी माणसं खऱ्याएवढी आणि भडक रंगवलेली. एक चिटपाखरू नव्हतं. आम्ही अगदी निवांत एकेक बघत गेलो. कुणाच्या घरी वास्तुशांतीला गेल्यावर बाया बघतात तसं.

"ही बघा," मी म्हणाले. "डोक्यावर दोन हांडे, न् खाली चुंबळ न्हाई. टाळूला खड्डा पडंल बाईच्या."

"जातं फिरवून राहिली ती, तिचा हात खुंट्याला लागलाय का बघा. वीतभर वर हाय. नुसती वारं दळतीया."

"न् हा म्हशीचा. बसलाय कुठं? मागल्या पायाच्या मागं. धार काढतोय का लाथ खायला बसलाय?"

"त्याची बायको म्हणली असंल, बसा तिथंच," विहीणबाई म्हणाल्या.

वाण्याच्या दुकानापुढं त्या जास्त वेळ थांबल्या. दुकानदाराच्या बायकोची नजर. गुळाची ढेप उघडी, तेलाच्या डब्याला झाकण नाही, तागडी एका बाजूला कललेली. "अगं अव्वा," त्या म्हणाल्या, "वाण्यानं गल्ल्याकडं पाठ केलीया! हा दिवाळीपतोर टिकत न्हाई."

मी कमरेवर हात ठेवून सगळीकडं एक नजर फिरवली. सुतार होता, न्हावी होता, ब्राह्मण पोथी घेऊन बसला होता, पाटील मिशीला पीळ देत होता. मी म्हणाले, "इहीणबाई, सगळे हायेत. आमचं कुणी दिसंना. आमचा वाडा कुठं केलाय यांनी?"

त्यांनीही बघितलं. खरोखर मान वळवून सगळ्या बाजूंना बघितलं. मग कंपाउंडच्या भिंतीकडं बोट केलं.

"भिंतीच्या पलीकडं असंल. तिकीट न काढता बघायचा."

मला हसू आवरेना. हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड धरलं असतं. त्या हसल्या नाहीत. त्या वाण्याच्या तागडीकडं बघत होत्या.

"सासऱ्याच्या येळंला," त्या म्हणाल्या, "तुमच्या माणसांला सामान वरून टाकायचे. ओट्यावर चढू द्यायचे न्हाईत. म्या बघितलंय."

"म्या झेललंय," मी म्हणाले. "पदरात. मीठ सांडलं तर माय मारायची."

  त्यांनी बघितलं होतं, मी झेललं होतं, दोघींनी सांगून टाकलं.

मला भूक लागली होती. आगगाडीच्या ठेशनाजवळ एक जण भाजलेली कणसं विकत होता, त्याच्याकडून दोन आणली. एक त्यांच्यापुढं धरलं. मीठ-लिंबू लावलेलं, गरम.

"झालं माझं," त्या म्हणाल्या.

आत्ता एवढं बोलून झाल्यावरसुद्धा. माझ्या तोंडावर आलं होतं, बाई, हे मी भाजलेलं नाही, त्या गाडीवाल्यानं भाजलंय, त्याची जात विचारून येऊ का? पण म्हणाले नाही. दोन्ही कणसं मी एकटीनं खाल्ली. त्या बैलगाडीपाशी उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, बघू दे. आता कळतं, त्या कणसाकडं बघत होत्या.

मग त्यांनी बैलाच्या मानेवर हात टाकला.

वरवंटा हलेना, मुसळ हलेना, तेव्हा माझ्याकडं फोडायला एकच गोष्ट उरली. माझ्या दाढा चांगल्या आहेत. मी खडा तोंडात घातला आणि फोडला. लहानपणी आजी तान्ह्या पोरांना भाकरी चावून भरवायची तसा बारीक केला, लाळेत भिजवला. मग विहीणबाईंना कुशीवर केलं, त्यांच्या गालाच्या आत बोट घातलं आणि ते हिरड्यांना चोळलं. परत चावलं, परत चोळलं.

मी काय करते आहे ते मला पुरतं माहीत होतं. पूजा झाली की नाही ते माहीत नव्हतं, पण उष्टं मला कळतं. ज्या बाईनं माझ्या घरचं धपाटं घेतलं नाही तिला मी माझ्या तोंडातलं भरवत होते, तेही ती शुद्धीत नसताना, तिला न विचारता. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या. मग मी न विचारता केलं. मेल्यावर नेम कुणाचा पाळायचा?

मधे मधे ओरडत होते. भोंग्यातल्या गाण्यापुढं माझं ओरडणं कोण ऐकणार? कणसवाल्यानं ऐकलं, त्यानं आगगाडीवाल्याला हाक मारली. दोघे पळत आले. दवाखान्याची गाडी बागेच्या त्या कोपऱ्यात येत नव्हती, रस्ताच नव्हता. रूळ तेवढे होते.

आम्ही विहीणबाईंना आगगाडीच्या डब्यात आडवं घातलं. डोकं माझ्या मांडीवर, पाय कणसवाल्याच्या हातात, कारण डबा लहान मुलांचा, पाय बाहेर येत होते. गाडी सुरू केली की तिचं गाणंही सुरू होतं, ते वेगळं बंद करता येत नाही. अशी आमची वरात निघाली. मघाशी जो हळूपणा मला गोड लागला होता त्याच हळूपणाला मी आता आईबापावरून शिव्या घालत होते. कांदा चिरणाऱ्या बायांनी परत हात केला. मी एका हातानं साखर चोळत होते आणि दुसरा हात त्यांच्या नाकापुढं धरून बघत होते, वारं येतंय का.

हत्तीच्या पाठीमागं आल्यावर त्यांनी गिळलं. मला बोटाला कळलं. मग दुसऱ्यांदा गिळलं. मग त्यांनी माझं बोट चावलं, चांगलं जोरात. मी ओरडले, पण बोट काढलं नाही.

फाटकापाशी जावई ओल्या अंगानं धावत आले. भोंग्यावरून त्यांना पुकारलं होतं. "अव्वा! अव्वा!" करून रडायला लागले. मी म्हणाले, "जावईबापू, रडायचं ते गाडीत रडा. आधी गाडी काढा." नांदेडला दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, साखर फारच खाली गेली होती, थोडी तरी पोटात गेली ते बरं झालं. काय दिलं होतं?

"खडीसाखर," मी म्हणाले.

लेकीनं मला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. तिच्या केसांतून अजून पाणी टिपकत होतं. गाडीत तिच्या नवऱ्याच्या लक्षात आलं असावं, आंघोळ नाही म्हणजे अव्वाची पूजाही नाही, आणि पूजेआधी ती काही खात नाही. तिनं ते मला सांगितलं. तेव्हा मला "झालं माझं"चा त्या दिवसापुरता अर्थ कळला.

"आई, खडा होता ना? मग दिलास कसा?"

"चावून."

"कुणी?"

"तुझ्या बापानं! कुणी म्हणजे? मी."

ती भिंतीला टेकली. "आई, त्यांना सांगू नकोस. गाडीवाल्याकडून सरबत घेतलं म्हण. त्यांनी नेम मोडला म्हणून अन्न सोडलं तर? उदगीरच्या घरात मला राहायचंय."

"तुला लातूरला राहायचंय."

"आई!"

लेकीचं खोटं नव्हतं. ती त्या घरात कष्टानं शिरली होती. चुलीपाशी जायला तिला किती वर्षं लागली ते मला माहीत आहे. पण मी म्हणाले, "विचारलं न्हाई तर सांगणार न्हाई. विचारलं तर खोटं बोलणार न्हाई."

आत गेलो तर विहीणबाई जाग्या होत्या. पहिल्यांदा त्यांचा हात गळ्यापाशी गेला. डबी होती. त्यांनी ती मुठीत धरली. लेक पलंगाच्या पायथ्याशी उभी, जावई खिडकीपाशी.

"पूजा झाली न्हाई माझी," त्या म्हणाल्या.

"हाव," मी म्हणाले.

त्यांनी जीभ तोंडात फिरवली. "गोड लागून राहिलंय."

लेक माझ्याकडं बघत होती. विहीणबाईही बघत होत्या.

"खडीसाखर हाय," मी म्हणाले. "फोडायला काही गावलं न्हाई. मी चावून तुमच्या तोंडात घातली."

लेकीनं डोळे मिटले. जावयांनी पाठ केली. विहीणबाई छताच्या पंख्याकडं बघत राहिल्या. मी वाट बघत होते. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घेतल्या असत्या, परत पण दिल्या असत्या.

"तरीच," त्या म्हणाल्या. "तंबाखूचा वास येऊन राहिलाय."

"खाते मी तंबाखू."

"ठावं हाय. वाईट खोड हाय. दात जातेत."

"दाढा हायेत माझ्या. म्हणून तर तुम्ही हायेत."

 मग सुनेला म्हणाल्या, "बाई, पाणी बघ कुठं मिळतं का. अंग पुसून घेते." लेकीनं पळत जाऊन बादली आणली. पडदा ओढून तिनंच त्यांचं अंग पुसलं. सलाईनची सुई डाव्या हाताला होती, आणि लिंग डाव्या तळहातावर घ्यावं लागतं. त्यांनी नर्सला सुई उजव्या हाताला लावायला सांगितलं. नर्स कुरकुरली, पण तिनं लावली. पलंगावर बसून त्यांनी पूजा केली. आम्ही बाहेर थांबलो. नंतर जावयांनी हॉटेलातून इडली आणली, ती त्यांनी खाल्ली. मला विचारलं, "तुम्ही खाल्लं का?" मी म्हणाले, "दोन कणसं."

"ते बघितलंय म्या," त्या म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही काही गळ्यात गळे घालून फिरत नाही. माझ्या घरी त्या वर्षातून एकदोनदा येतात. पूजा करून आलेल्या असल्या तर आता भाकरी खातात, मीठ कमी आहे म्हणून नावं ठेवतात. पूजा झालेली नसली तर सरळ सांगतात, "पूजा न्हाई झाली." मठात जाऊन स्वामींना सगळं सांगितलं म्हणे. स्वामी काय म्हणाले ते मी विचारलं नाही. लेक सांगते की उदगीरला गल्लीत, दुकानात, लग्नकार्यात त्या स्वतःच सांगत फिरतात, माझ्या इहिणीनं मला बेसुध करून उष्टं खाऊ घातलं. तक्रार केल्यासारखं सांगतात. पहिल्यांदा लेक घाबरली होती. आता नाही घाबरत.

नातीला विचारलं तर ती लाटांचा हौद आणि काळी घसरगुंडी सांगते. सिमेंटचं गाव तिनं बघितलंच नाही. मी ते मनात अजून कोपरा न् कोपरा फिरून येते.

विहीणबाई जगल्या. उदगीरलाच असतात.